न छापलेली अट



पत्रिकेवर आजचा विषय ‘बदलती जागतिक सत्ता, सुरक्षा आणि विकासाचा पैसा’ असा छापला आहे. पत्रिका घरी आली तेव्हा घरातूनच पहिली शंका निघाली. हा विषय अर्थशास्त्राचा, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, मग तुम्ही तिथे काय बोलणार? शंका रास्त आहे. माझ्याकडे आकडेमोडीचं ज्ञान नाही, पण एक जुना प्रश्न आहे. तो कान्टचा आहे, आणि कर्जाबद्दलचाच आहे.

कान्टनं १७९५ साली शाश्वत शांततेवर एक लहानसा निबंध लिहिला. त्यात राष्ट्राराष्ट्रांत शांतता टिकावी म्हणून सहा प्राथमिक कलमं घातली. त्यातलं चौथं कलम असं, की कोणत्याही राज्यानं परराष्ट्राशी झगडण्यासाठी कर्ज काढू नये. पैसा उसना मिळू लागला की युद्ध सोपं होतं. ज्याची पत मोठी त्याची युद्धाची थैली कधी रिकामीच होत नाही, आणि मग शेजाऱ्यांनी निर्धास्त राहावं कसं? पण त्याच कलमात कान्ट एक सवलत देतो. रस्ते सुधारायचे आहेत, नव्या वसाहती करायच्या आहेत, दुष्काळासाठी धान्याची कोठारं भरायची आहेत, अशा कामासाठी कर्ज काढलं तर त्याबद्दल कोणी संशय घेऊ नये.

म्हणजे कान्टनं एक रेघ मारली. अलीकडे विकासाचं कर्ज, पलीकडे लढाईचं कर्ज. मी पस्तीसेक वर्षं वर्गात ही रेघ फळ्यावर काढली आणि पुसली. निवृत्तीनंतर इतिहास सवडीनं वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की विसाव्या शतकात ही रेघ जवळजवळ कुठेच टिकलेली नाही. ज्यानं ज्यानं विकासासाठी पैसा दिला, त्याच्या मनात कुठेतरी सुरक्षेचा हिशेब होता. करारात तो नेहमी छापलेला नसे. आज मला त्या न छापलेल्या अटीची गोष्ट सांगायची आहे, आणि ती आपल्याच देशावरून सांगायची आहे. कारण गेल्या ऐंशी वर्षांत भारत आधी धनको होता, मग ऋणको झाला आणि आता पुन्हा धनको होतो आहे. असा तिन्ही घरचं पाणी प्यायलेला देश दुसरा पटकन आठवत नाही.

‘धनको’ म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या. पारतंत्र्यातला भारत कोणाचा धनको? तर खुद्द ब्रिटनचा.

झालं असं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा १९३९ च्या अखेरीस ब्रिटन आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात संरक्षणखर्चाचा एक समझोता झाला. नेहमीचा, स्वतःच्या बचावाचा खर्च हिंदुस्थाननं करायचा, आणि ब्रिटनच्या युद्धासाठी त्याहून जास्त जो खर्च होईल तो ब्रिटननं भरून द्यायचा. कागदावर हे न्याय्यच दिसतं. पण भरपाई व्हायची कशी? ब्रिटननं लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर पौंड जमा करायचे, आणि त्या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँकेनं इथे रुपयाच्या नोटा छापायच्या. गहू, कापड, तंबू, बूट, माणसं, सगळं इथून गेलं. त्याच्या बदल्यात लंडनच्या वहीत आकडे चढत गेले. युद्धाच्या काळात देशातल्या नोटांचा आकडा पाचपटीहून अधिक वाढला. माल कमी, नोटा जास्त. महागाई भडकली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात नेमकी किती माणसं गेली याचे अंदाज १५ लाखांपासून ३० लाखांच्याही वर जातात. त्या दुष्काळाची कारणं अनेक, पण युद्धखर्चातून आलेली महागाई हे त्यातलं एक ठळक कारण, हे अमर्त्य सेन यांनी सविस्तर मांडलं आहे. थोडक्यात, ते कर्ज आपण पोटाला चिमटा काढून दिलं. दिलं म्हणणंही खरं नाही. आपल्याकडून ते घेतलं गेलं.

युद्ध संपलं तेव्हा ही रक्कम सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली होती. ‘स्टर्लिंग शिल्लक’ असं तिचं नाव. हिंदुस्थानचं लंडनमधलं आधीचं कर्ज बहुतेक फिटलं, आणि वर एवढं येणं राहिलं.

आता १९४४ च्या जुलैत या. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वुड्स नावाच्या ठिकाणी एका मोठ्या हॉटेलात ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक तिथे जन्माला आली. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते सर जेरेमी रेझमन, म्हणजे इंग्रज अर्थसदस्य. त्यांच्याबरोबर षण्मुखम चेट्टी होते, मुंबईचे ए. डी. श्रॉफ होते, आणि आपले चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. महाराष्ट्राला चिंतामणराव आठवतात ते १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला म्हणून. तो राजीनामा मोठाच. पण ब्रेटन वुड्सच्या त्या तीन आठवड्यांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे मागितलं तेही आठवावं असं मला वाटतं.

त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, नाणेनिधीच्या उद्दिष्टांतच मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीच्या विकासाचा उल्लेख असावा. दुसरी, युद्धातून साठलेली ही स्टर्लिंग शिल्लक डॉलरमध्ये किंवा अन्य चलनात काही प्रमाणात तरी मोकळी व्हावी. इजिप्तचीही ब्रिटनकडे अशीच मोठी शिल्लक होती, त्यामुळे तोही आपल्या बाजूला होता. श्रॉफ यांनी तिथे एक दाखला दिला. त्याचा मथितार्थ असा, की बँकेत दहा लाख डॉलर शिल्लक आहेत आणि टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात सुटे पैसे नाहीत, अशी आमची अवस्था तुम्ही करताय.

उत्तर काय मिळालं? केन्सनं सांगितलं, की हा ब्रिटन आणि त्याचे धनको यांच्यातला मामला आहे, ब्रिटन तो सन्मानानं निभावेल. विषय संपला. अमेरिकेलाही त्या घोळात पडायचं नव्हतं.

इथे क्षणभर थांबू या. गावातल्या सावकारीचं आपल्या मनातलं चित्र काय असतं? धनको लोडाला टेकून बसलेला, ऋणको उंबऱ्याबाहेर उभा. इथे चित्र नेमकं उलटं होतं. धनको उंबऱ्याबाहेर उभा होता. ऋणको आत बसून, केव्हा आणि किती द्यायचं ते ठरवत होता. असं का? कारण पैसा आपला असला तरी तिजोरी त्यांच्या घरात होती. तिजोरीवरचा पहारा त्यांचा होता. आणि आपल्या घराच्या दारावरही त्यांचाच पहारा होता. नुसता धनको असून शब्द चालत नाही, हा माझ्या आजच्या गोष्टीतला पहिला धडा.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९४७ च्या करारात ही शिल्लक ११६ कोटी पौंड धरली गेली आणि तिची दोन खाती केली. एका खात्यातला थोडा पैसा वापरायला मोकळा, दुसऱ्यातला मोठा पैसा गोठवलेला. पुढच्या वर्षी ब्रिटिश सैन्याच्या इथे राहिलेल्या साहित्याची किंमत आणि निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनची तरतूद याच शिलकीतून वळती झाली. १९४९ साली पौंडाचं मूल्य डॉलरच्या तुलनेत ४.०३ वरून २.८० वर आलं. अमेरिकेतून यंत्रं किंवा धान्य घ्यायचं झालं, तर पौंडांतल्या त्या शिलकीचं वजन त्या प्रमाणात घटलं. उरलेला पैसा पहिल्या दोन पंचवार्षिक योजनांच्या काळात आपण वापरला.

पण ब्रिटनला या खेळात हसू आलं असेल असं समजू नका. तोवर पहारेकरी बदलला होता. युद्ध संपताच केन्सलाच वॉशिंग्टनला जाऊन कर्ज मागावं लागलं. ३७५ कोटी डॉलर, २ टक्के व्याज. त्याचा शेवटचा हप्ता ब्रिटननं २००६ च्या डिसेंबरात भरला. अमेरिकेची एक अट होती, की पौंड ठरल्या मुदतीत खुला करायचा, म्हणजे कोणालाही तो डॉलरमध्ये बदलून मिळाला पाहिजे. १५ जुलै १९४७ ला तो खुला केला, आणि जेमतेम पाच आठवड्यांत, २० ऑगस्टला, पुन्हा बंद करावा लागला. इतकी डॉलरची गळती लागली.

या अटी तरी छापलेल्या होत्या. त्याच वर्षीचं दुसरं उदाहरण बघा. जागतिक बँकेनं आपलं पहिलं कर्ज दिलं ते फ्रान्सला, २५ कोटी डॉलर, ९ मे १९४७ रोजी. त्याच्या चारच दिवस आधी, ५ मेला, फ्रान्सच्या मंत्रिमंडळातून कम्युनिस्ट मंत्र्यांना बाहेर काढलं गेलं. एकामुळे दुसरं घडलं असं मी म्हणत नाही. फ्रान्सच्या अंतर्गत राजकारणातही पुरेशी कारणं होती. मी दोन तारखा शेजारी शेजारी ठेवतोय, एवढंच. कर्जाच्या इतिहासात तारखा शेजारी ठेवून वाचायची सवय लावून घ्यावी लागते.

आता कोणी म्हणेल, सर, म्हणजे सुरक्षेच्या हिशेबानं दिलेला पैसा वाईटच का? तसं नाही. १९५३ चा लंडनचा करार घ्या. पश्चिम जर्मनीचं जुनं कर्ज त्यात जवळजवळ निम्म्यानं माफ झालं, आणि उरलेल्याचे हप्ते जर्मनीला निर्यातीच्या कमाईतून झेपतील असे बेतले गेले. ज्या देशानं युद्ध लादलं त्यालाच इतकी सवलत! ती मिळाली याचं मोठं कारण शीतयुद्ध होतं. सोव्हिएत संघाच्या समोर उभा राहायला सशक्त पश्चिम जर्मनी हवा होता. पण त्यामागचा हेतू शुद्ध परोपकाराचा नव्हता म्हणून जर्मनीचं भलं व्हायचं थांबलं नाही. तेव्हा हेतू शुद्ध आहे का, या कसोटीवर कर्ज तपासायला गेलो तर आपल्या हाती काही लागत नाही. दुसरी कसोटी शोधायला हवी. तिच्याकडे मी शेवटी येतो.

१९५६ साल. इजिप्तला नाईलवर आस्वानचं मोठं धरण बांधायचं होतं. अमेरिका, ब्रिटन आणि जागतिक बँक मिळून पैसा द्यायला तयार झाले होते. पण नासर पूर्वेकडच्या गटाकडून शस्त्रं घेत होता, त्यानं कम्युनिस्ट चीनला मान्यता दिली. १९ जुलैला अमेरिकेनं हात काढून घेतला. पाठोपाठ ब्रिटन, आणि त्यामुळे बँकही. आठवड्याभरात, २६ जुलैला, नासरनं सुवेझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. धरणाचा पैसा कालव्याच्या उत्पन्नातून काढू, म्हणाला. ब्रिटननं ताबडतोब काय केलं? इजिप्तची लंडनमधली स्टर्लिंग खाती गोठवली. बारा वर्षांपूर्वी ‘सन्मानानं निभावू’ म्हटलं होतं ते याच शिलकीबद्दल.

ऑक्टोबरच्या अखेरीस इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सनं इजिप्तवर हल्ला केला. पौंडावर ताण आला. ब्रिटन नाणेनिधीकडे वळला, आणि अमेरिकेनं सांगितलं, आधी सैन्य मागे घ्या. ६ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. माघारीचं वचन मिळाल्यावर डिसेंबरात नाणेनिधीनं ब्रिटनसाठी १३० कोटी डॉलरची सोय केली. साम्राज्याचा सूर्य रणांगणावर मावळला असं आपण म्हणतो. खरं तर तो एका कर्जाच्या अर्जावर मावळला. आणि आस्वानचं धरण? ते सोव्हिएत कर्जातून उभं राहिलं.

याच काळात भारत ऋणको झाला. दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि परकीय चलनाची गंगाजळी भराभर आटली. ऑगस्ट १९५८ मध्ये जागतिक बँकेनं वॉशिंग्टनला आपल्या धनकोंची बैठक बोलावली, तेच पुढे ‘एड इंडिया कन्सॉर्शियम’ म्हणून ओळखलं गेलं. पण हा काळ एका अर्थानं ऋणकोला बरा होता. धनको दोन होते, आणि त्यांचं आपसांत वैर होतं. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघानं बांधून दिला, अडीच टक्के व्याजानं. राउरकेलाला पश्चिम जर्मन आले आणि दुर्गापूरला ब्रिटिश. आपल्या कोयनेच्या वीजप्रकल्पाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. पुढे बोकारोच्या कारखान्याला अमेरिकेनं नकार दिला तेव्हा रशियन पुढे आले. अलिप्ततावादाला आपण परराष्ट्रनीतीचं तत्त्व म्हणतो. ते तत्त्व होतंच. पण दुकानं दोन असली की गिऱ्हाइकाला भाव करता येतो, हा व्यवहारही त्यात होता.

भाव कधी करता येत नाही? उपाशीपोटी.

१९६५-६६ साली मी शाळेत होतो. आमच्या तालुक्याच्या गावी रेशनच्या दुकानापुढे पिशव्यांची रांग लागायची. लाल गहू आणि मिलो. मिलोची भाकरी थापताना मोडायची, आणि आई चिडायची ती कोणावर चिडायची ते आम्हाला कळायचं नाही. वडील म्हणायचे, ‘अमेरिकेतून आलंय, टाकू नका.’ दोन वर्षं पाऊस नव्हता. १९६६ साली देशानं १ कोटी टनांच्या आसपास धान्य आयात केलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेच्या पीएल-४८० या कायद्याखाली आलेलं. पाकिस्तानशी युद्ध होताच अमेरिकेनं मदत थांबवली होती. धान्य येत होतं, पण राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ते थोडं थोडं, स्वतःच्या मंजुरीनं सोडायला सुरुवात केली. शेतीधोरण बदला हा त्यामागचा एक हेतू. व्हिएतनामबद्दल भारत जे बोलत होता त्याची नाराजी हाही दुसरा. आमच्या ताटातल्या मोडक्या भाकरीचा व्हिएतनामशी काही संबंध असेल, हे आईला कोणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं.

६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. जागतिक बँक आणि अमेरिकेचा त्यासाठी आग्रह होता; त्या बदल्यात वर्षाला सुमारे ९० कोटी डॉलरची मदत काही वर्षं मिळेल अशी अपेक्षा होती. पहिल्या वर्षानंतर ती आटली. अवमूल्यन योग्य की अयोग्य हा वाद अर्थतज्ज्ञांनी घालावा. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या लोकांचा रुपया स्वस्त झाला त्यांना बोलणी कोणाशी, कोणत्या अटींवर झाली ते आधी कोणी सांगितलं नाही. म्हणूनच निर्णयाला देशात कोणी वाली उरला नाही. काँग्रेस पक्षातूनसुद्धा विरोध झाला.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९९१ साली, आपली गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून ४० कोटी डॉलरची सोय केली. सोनं मुंबईहून विमानानं गेलं. १९४४ चा धनको, त्याच लंडनमध्ये, आता घरातलं सोनं गहाण ठेवत होता. ती बातमी वाचली तेव्हा स्टाफरूममध्ये कोणी कोणाकडे बघत नव्हतं, हे मला आठवतं.

आता आजच्या काळाकडे येऊ. या शतकात तिसरा पहारेकरी आला आहे, चीन. जुन्या संस्थांत त्याला आणि आपल्याला वाढत्या वजनाची जागा मिळेना. नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के आहेत, म्हणजे नकाराधिकार तिचा. २०१० साली ठरलेला मतवाटपाचा छोटासा बदल अमेरिकन काँग्रेसनं अडवून धरला. तो अमलात आला २०१६ मध्ये. तोवर ब्रिक्स देशांची न्यू डेव्हलपमेंट बँक शांघायला सुरू झाली होती. आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक बीजिंगमध्ये उघडली. तिच्यात भारत दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक आहे.

यातली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले. त्याच आठवड्यात बीजिंगमधल्या या बँकेनं कोविडच्या संकटासाठी भारताला ७५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. ऐकायला विचित्र वाटतं. पण विचार केला तर हे आशादायक आहे. कर्ज देणारा एक देश नव्हता, लिखित नियमांची संस्था होती, आणि त्या संस्थेच्या टेबलाशी आपली खुर्ची होती. ब्रेटन वुड्सला चिंतामणराव आणि श्रॉफ जे मागत होते ते याहून फार वेगळं नव्हतं.

याच्या उलट हंबनटोटा. श्रीलंकेचं हे बंदर चिनी कर्जातून उभं राहिलं, २०१७ साली ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं एका चिनी कंपनीकडे गेलं. कर्ज फिटेना म्हणून चीननं बंदर जप्त केलं, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. भाडेपट्ट्याचे ११२ कोटी डॉलर श्रीलंकेच्या गंगाजळीत गेले. बंदराचं कर्ज तसंच राहिलं. आणि श्रीलंकेच्या गळ्याशी आलेल्या देण्यात खुल्या बाजारातल्या रोख्यांचा हिस्सा मोठा होता. तरीही चिंता खरी आहे. चीनच्या अनेक कर्जकरारांत गोपनीयतेचं कलम असतं. ऑगस्ट २०२२ मध्ये उपग्रहांचा माग काढणारं चिनी जहाज त्याच बंदराला लागलं, तेव्हा भारतानं आक्षेप घेऊनही कोलंबोला ते थांबवता आलं नाही. बंदर हे व्यापाराचं की नौदलाचं? कान्टची रेघ बंदराच्या धक्क्यावर पुसली जाते ती अशी.

आणि याच श्रीलंकेनं एप्रिल २०२२ मध्ये परकीय देणी थांबवल्यावर धावून कोण गेलं? भारत. त्या वर्षी आपण सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत केली: इंधन, औषधं, अन्न, चलनाची सोय. नाणेनिधीला लागणारी हमी धनको देशांत सर्वांत आधी आपणच दिली. मला याचा अभिमान वाटतो. पण तारखा शेजारी ठेवायची सवय लावा असं मघाशी मीच म्हटलं. त्याच जानेवारीत त्रिंकोमालीच्या तेलटाक्यांचा बरीच वर्षं रखडलेला करार भारत आणि श्रीलंका यांच्यात झाला. आपल्या कर्जांवरही बहुतेक वेळा भारतीय माल घेण्याची अट असते. यात गैर काही आहे असं मी म्हणत नाही. आपण आता उंबऱ्याच्या आत बसलो आहोत, एवढं ध्यानात ठेवू या.

जगाचं वारं कुठे वाहतंय तेही बघा. फेब्रुवारी २०२२ नंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०,००० कोटी डॉलरची गंगाजळी गोठवली. रशियानं युक्रेनवर केलेलं आक्रमण निषेधार्हच आहे. पण त्यातला धडा सगळ्या जगानं घेतला. आपल्या रिझर्व्ह बँकेनं २०२३-२४ मध्ये ब्रिटनमधलं १०० टन सोनं मायदेशी आणलं. बँकेची त्यामागची कारणं काहीही असोत, १९४४ आणि १९५६ ज्यानं वाचलंय त्याला ती बातमी निराळी ऐकू येते. तिजोरी कोणाच्या घरात आहे, हा प्रश्न म्हातारा झाला, पण मेला नाही.

२०२५ मध्ये ब्रिटननं जाहीर केलं, की परकीय मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर आणून तो पैसा संरक्षणाकडे वळवायचा. केनेडींच्या काळात, १९६१ साली, स्थापन झालेली अमेरिकेची यूएसएड ही संस्था १ जुलै २०२५ ला स्वतंत्रपणे काम करायची थांबली. त्याच उन्हाळ्यात नाटोच्या देशांनी संरक्षणावरचा खर्च २०३५ पर्यंत उत्पन्नाच्या ५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. पूर्वी विकासाच्या पैशाला निदान सुरक्षेचं कारण तरी लाभत असे. आता सुरक्षा थेट विकासाच्या ताटातलं उचलून घेते आहे. आफ्रिकेतल्या एखाद्या दवाखान्यातली औषधं संपतात, ती यामुळे.

मग कान्टची रेघ टाकून द्यायची का? माझं उत्तर असं, की रेघ टिकली नाही तरी कान्टकडे दुसरी कसोटी आहे, आणि ती त्याच निबंधाच्या शेवटी, पुरवणीत आहे. इतरांच्या हक्काला हात घालणारी जी कृती उघडपणे सांगता येत नाही, सांगितली तर सिद्धीला जाऊच शकत नाही, ती अन्यायाची आहे. याला प्रकटतेचं तत्त्व म्हणतात. हेतू तपासायला आपण कोणाच्या मनात शिरू शकत नाही. पण अट छापता येते का, हे तपासता येतं. १९५३ चा लंडनचा करार छापता आला. १९६६ ची बोलणी छापता आली नसती. हंबनटोटाचे करार कोलंबोच्या सामान्य करदात्याला वेळेवर वाचायला मिळाले असते, तर बंदर बहुधा वेगळं, निदान लहान झालं असतं.

भारताकडून माझी अपेक्षा एवढीच आहे. आपल्या शेजाऱ्याला आपण कर्ज देतो त्याच्या सगळ्या अटी त्याच्या भाषेत, त्याच्या संसदेपुढे ठेवता येतील अशा असाव्यात. तेलटाक्या हव्या असतील तर तेही स्पष्ट म्हणावं. ऋणकोला कमीपणा वाटतो तो कर्ज घेतल्याचा नसतो. आपल्याबद्दल काय ठरलं ते आपल्याला कळलं नाही, याचा असतो. आपण हे दोनदा अनुभवलंय, एकदा धनको म्हणून आणि एकदा ऋणको म्हणून.

देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. राज्याला तसं करता येत नाही, आणि करूही नये. तो पैसा आपल्या सगळ्यांचा आहे. पण खतं पाण्यात टाकता आली नाहीत, तरी उजेडात धरता येतात.

वेळ संपल्याची चिठ्ठी मघाशीच आली आहे. प्रश्न असतील तर खाली बसून बोलू, मला घाई नाही.